फॉर्ममधला बाप्तिस्म्याचा रकाना

कपाशीची वेचणी संपत आली होती, तेव्हा पांढरकवड्याकडचे एक कास्तकार बारावीतल्या मुलीला घेऊन प्रवेशाचा सल्ला विचारायला माझ्याकडे आले. मुलीला मानसशास्त्र शिकायचं होतं. बाहेरच्या राज्यातल्या एका कॅथलिक विद्यापीठाचा फॉर्म तिनं मोबाइलवर अर्धा भरला होता आणि एका रकान्याशी गाडी अडली होती.

"म्याडम, बाप्तिस्मा झाला का मून विचारते यात. पोरीले बाटवतीन तं नाही ना?"

हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि लाजत लाजत येतो. तो रकाना ख्रिस्ती कोट्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी असतो, ते चर्चचा दाखला जोडतात. बाकीच्यांनी 'लागू नाही' लिहून पुढं जायचं. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. तो १८ वर्षांच्या आतला असेल तर पालकांची संमती लागते. आवारात चर्च दिसेल, मूल्यशिक्षणाचा तास असेल, हजेरीची शिस्त कडक असेल. त्याची तयारी ठेवावी.

"नागपूरचं हिस्लॉप बी मिशनचंच ना?" त्यांनी विचारलं. मिशनचंच, १८८३ चं, पण ते स्कॉटिश प्रोटेस्टंटांनी काढलेलं. कॅथलिक म्हणजे सेमिनरी हिल्सचं एसएफएस कॉलेज. त्यांचा चुलतभाऊ हिस्लॉपला शिकला आणि आज गावच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष आहे, हे त्यांनीच सांगितलं आणि स्वतःच हसले.

खरी अडचण पुढंच होती. त्यांनी पिशवीतून नॉन-क्रीमिलेअरचं प्रमाणपत्र काढलं. सेतू केंद्राच्या चार चकरा मारून मिळवलेलं, प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपलेलं. इथं मला त्यांचा हिरमोड करावा लागला. कलम ३०(१) ने ख्रिस्तींसारख्या अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क दिला आहे, आणि २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या कलम १५(५) मधून या संस्था वगळल्या आहेत. म्हणजे एससी, एसटी, ओबीसींच्या राखीव जागा ठेवणं त्यांना बंधनकारक नाही. काही संस्था आपणहून ठेवतात, पण ते माहितीपत्रकात वाचूनच धरायचं. काही वर्षांपूर्वी मीच एका मुलाला "आरक्षण सगळीकडं असतंच" असं बेफिकिरीनं सांगून बसले होते. त्याचे अर्जाचे पैसे वाया गेले. तेव्हापासून मी तीन प्रश्न लेखी विचारायला लावते: माझ्या प्रवर्गाला जागा आहेत का, आपल्या राज्याची शिष्यवृत्ती इथं चालते का, प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतील. उत्तर येईपर्यंत एक रुपया भरायचा नाही.

मुलीला धास्ती मुलाखतीची होती. बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठासारख्या ठिकाणी बारावीच्या टक्क्यांवर भागत नाही, त्यांची स्वतःची परीक्षा आणि मुलाखत असते. "सेवा, त्याग असलं पाठ करून जाऊ नकोस," मी म्हटलं. "तू मावशीबरोबर काय करतेस?" मावशी आशा वर्कर. ही तिच्यासोबत गरोदर बायकांच्या घरी जाते, रजिस्टर भरते, दवाखान्याला घाबरणाऱ्या सासूची समजूत काढते.

"पण ते तर घरचंच काम आहे, मॅडम."

"मानसशास्त्र का, असं विचारलं की हेच सांग. इंग्रजी मोडकं आलं तरी चालेल."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग प्रमाणपत्र फाइलमध्ये सरकवत म्हणाले, "म्हंजे नागपुरात बी एक फॉर्म भरून ठेवाव लागते."

"ठेवाच," मी म्हटलं. तोवर मुलीनं त्या रकान्यात 'लागू नाही' लिहून टाकलं होतं.