हल्लेखोर सापडला नाही, तरी भरपाईचा अर्ज करता येतो

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी रात्री घरी परतताना माझ्या भावावर दोन अनोळखी माणसांनी लोखंडी गजाने हल्ला केला. मनगट मोडले, ऑपरेशन झाले, नोकरी गेली. गुन्हा नोंद आहे, पण आरोपी सापडलेले नाहीत. ते सापडेपर्यंत भरपाईसाठी थांबायचे का?

उत्तर : अजिबात थांबू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रकरणांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम 396 मध्ये नेमकी हीच परिस्थिती धरलेली आहे : गुन्हेगाराचा शोध लागला नाही, खटला उभा राहिला नाही, पण पीडित कोण हे माहीत आहे. अशा वेळी जखमी व्यक्ती थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. ही रक्कम राज्याच्या निधीतून मिळते, हल्लेखोराच्या खिशातून नव्हे. अर्ज आल्यावर चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असे कायदा सांगतो. म्हणून अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर दोन महिने कधीपासून मोजायचे, इथेच वाद सुरू होतो.

अर्जाला एफआयआरची प्रत, जखमेचे वैद्यकीय प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिले, ओळखपत्र आणि बँक पासबुक जोडा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. औषधांच्या बिलांची शाई काही महिन्यांत उडते, तेव्हा आजच झेरॉक्स काढा. बिलावर रुग्णाचे नाव नसेल तर दुकानदाराकडून घालून घ्या.

खरी अडचण बहुतेक वेळा दवाखान्याच्या पहिल्या कागदावर असते. पोलिसांची भानगड नको म्हणून नातेवाईक ‘जिन्यावरून पडला’ असे सांगून टाकतात आणि केसपेपरवर तेच लिहिले जाते. पुढे एफआयआर एक सांगते, केसपेपर दुसरेच. तुमच्याकडे असे झाले असेल तर पोलिसांकडे पुरवणी जबाब द्या आणि तसे का सांगितले, ते त्यात स्पष्ट लिहा.

दुसरी चूक म्हणजे फक्त बिलांची बेरीज करून अर्ज देणे. कलमात ‘पुनर्वसनाची गरज’ असे शब्द आहेत. भाऊ आधी काय काम करत होता, मनगटामुळे त्यातले काय जमत नाही, पगार किती होता, घरी अवलंबून कोण, हे सविस्तर लिहा. मालकाचे पत्र, पगारपत्रक जोडा. हालचाल कायमची कमी झाली असेल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र फार मोलाचे ठरते. हाड मोडणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहेच. ज्यांचे हाड मोडलेले नाही, पण 15 दिवस तीव्र वेदना होत्या किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, त्यांची दुखापतही गंभीर धरली जाते. जुन्या दंड संहितेत हे दिवस 20 होते. तेव्हा डॉक्टरांकडून दिवसांचा आकडा लिहून घ्या, नुसते ‘विश्रांती घ्यावी’ पुरत नाही.

पुढचे उपचार बाकी असतील तर त्याच अर्जात अंतरिम, म्हणजे अंतिम निर्णयाआधीची तात्पुरती मदत मागा. पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्या प्रमाणपत्रावर प्राधिकरण मोफत वैद्यकीय मदतीचा आदेश देऊ शकते. ही तरतूद फार थोडे जण वापरतात, याचे वाईट वाटते. ॲसिड हल्ला आणि बलात्कार यांत तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करणे कलम 397 प्रमाणे बंधनकारक आहे.

रकमा आणि अर्जाची मुदत राज्याच्या योजनेप्रमाणे ठरतात. चार महिने गेलेच आहेत, आता याच आठवड्यात जा. माहितीसाठी 15100 ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे.

प्रश्न : साक्षीदार फिरले, आरोपी सुटण्याची चिन्हे आहेत. मग भरपाईही गेली का?

उत्तर : नाही. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी न्यायालय प्राधिकरणाकडे शिफारस करू शकते. निकालाची वाट न पाहता सरकारी वकिलांमार्फत तसा लेखी अर्ज आताच द्या. तोंडी विनंती निकालपत्रात उतरत नाही. आरोपीला शिक्षा झाली पण भरपाई अपुरी वाटली, तर त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडिताला आहे.