स्नायू पुढे पळतो, कंडरा मागे राहते

वाचकांचे प्रश्न : व्यायाम आणि आहार

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं अंग कमावण्याबद्दलची आहेत. त्यातलं एक जवळजवळ पूर्ण छापते आहे, कारण थोड्याफार फरकाने तेच आणखी चार मुलांनी लिहिलं आहे.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा आहे. राहायला नाशिकला, सातपूरमध्ये, अंबडच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. वजन ६० किलो. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पळतो, रोज गोळा फेकतो. संध्याकाळी जिम, मुख्यतः बेंच प्रेस (आडवं झोपून छातीवरून वजन वर ढकलणं), आठवड्याचे सहा दिवस. चार महिन्यांत दंड चांगले भरले. पण महिना झाला, उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतो, त्या कुशीवर झोपता येत नाही. जिममधले सर म्हणतात, दुखलं तरच बॉडी बनते. त्यांनी तीन हजारांचा प्रोटीनचा डबा घ्यायला सांगितलंय. एक मित्र म्हणतो, इंजेक्शन घे, पळताना दम लागणार नाही. मेसचा डबा खातो. अंडी चालतात, चिकन रोज परवडत नाही. काय करू?

उत्तर : आधी इंजेक्शनचं बोलते. बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं, ते येईलच असं नाही.

दम लागू नये म्हणून मुलांना जे टोचतात त्यात मेफेंटरमाईनचं नाव वारंवार येतं. हे औषध ऑपरेशनच्या टेबलावरचं आहे. भूल दिल्यावर पेशंटचं बीपी खाली आलं तर ते वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. तुझं बीपी मुळात चांगलं आहे. तुझ्या अंगात ते गेलं की बीपी आणि ठोके चढतात आणि थकवा कळत नाही. थकवा कळणं हे तुझ्या हृदयाचं संरक्षण आहे, तेच काढून टाकायचं आणि १६०० मीटर जीव तोडून पळायचं? दुसरी इंजेक्शनं स्टेरॉइडची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अंडकोष आक्रसतात, वीर्यातले शुक्रजंतू घटतात, काहींची छाती बायकांसारखी वाढते, हृदयाची भिंत जाड होते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासण्या करताना ही गोष्ट बाहेर आलेली मी पाहिली आहे. तो मुलगा माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. मित्राला स्पष्ट नाही म्हण. आणि आधी एखादं घेतलं असशील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस.

आता खांदा. तुझ्या पत्रात उत्तर आहेच, फक्त ते दोन वेगळ्या वाक्यांत आहे. सकाळी ७.२६० किलोचा गोळा आणि संध्याकाळी बेंच प्रेस, दोन्हींत काम त्याच खांद्याचं. ढकलणं सकाळी, ढकलणं संध्याकाळी, आणि सहा दिवस. ओढण्याचा व्यायाम पत्रात कुठेच नाही.

तुझे दंड भरले ते खरं आहे. पण स्नायू हाडाला ज्या दोरीने बांधलेला असतो ती कंडरा त्या वेगाने तयार होत नाही. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, म्हणून तो काही आठवड्यांत जोर धरतो. कंडरेला रक्त कमी, तिला महिने लागतात. शिवाय सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत वजन जास्त उचलता येतं ते बरंचसं मेंदू आणि नसा स्नायूला कामाला लावायला शिकतात म्हणून. म्हणजे चौथ्या महिन्यात हातात ताकद आलेली असते, आणि ती ताकद पेलणारी दोरी अजून जुनीच असते. भरतीची मुलं नेमकी याच टप्प्यावर माझ्याकडे येतात.

हे मी पुस्तकातून उशिरा शिकले, घरी आधी पाहिलं होतं. माझे वडील जुन्या नाशकातल्या एका तालमीत वस्ताद होते. नवा पोरगा आला की पहिला महिना त्याला कुस्ती नाही. हातात फावडं द्यायचे आणि कुस्तीच्या मातीचा हौदा खणायला लावायचे. ती लाल माती तेल, हळद, ताक, लिंबू घालून मुरवलेली, पायाखाली मऊ पण खणायला जड. पोरगा अर्धा हौदा उकरायचा, पुन्हा सपाट करायचा, घामाने निथळायचा. वडील कोपऱ्यात बसून त्याच्या कमरेकडे बघायचे. पाठ वाकवून फावडं मारलं की थांबवायचे. नंतर दंड-बैठका, त्याही मोजून, दर आठवड्याला थोड्या वाढवत. पोरं कुरकुरायची, पण खांदा धरून बसलेला पोरगा मला त्या तालमीत आठवत नाही.

आणि तरीही मी स्वतः ती चूक केली. मुलीच्या जन्मानंतर व्यायामाला परतले ती पहिल्याच आठवड्यात जुन्या वजनावर गेले. कोपराच्या बाहेरची कंडरा दुखावली आणि आठ महिने मला पोळपाटावर लाटणं नीट फिरवता येत नव्हतं. म्हणून तुला हे इतकं पोटतिडकीने सांगते आहे.

तेव्हा असं कर. दोन आठवडे बेंच प्रेस बंद, मानेमागून वजन खाली आणायचा प्रकार तर कायमचा सोड. गोळा आठवड्यातून दोनच दिवस, त्यातही निम्मे फेक हलक्या गोळ्याने, फक्त पवित्रा घोटायला. जिम तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस मोकळा. ओढण्याचे व्यायाम धर : वाकून डंबेल कमरेकडे ओढणं, केबलने छातीकडे ओढणं. ढकलण्याचा एक सेट केलास तर ओढण्याचे दोन. बैठका आणि पायांचे व्यायाम नेटाने कर, कारण गोळा खांद्याने फेकला जातो असं वाटतं, पण जोर पायातून आणि कमरेतून वर येतो. वजन असं निवड की सेट संपताना आणखी दोन वेळा उचलता आलं असतं. खाली आणताना मनात तीन आकडे मोज. दोन आठवडे सगळे सेट स्वच्छ झाले की मगच वजन वाढव, तेही सगळ्यांत लहान प्लेटने.

दुखण्यातला फरक ओळखायला शीक. नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीचा किंवा दंडाचा मांसल भाग ठणकतो, दोन्हीकडे सारखा, आणि चालता-फिरता मोकळा होतो. ते चालेल. सांध्याजवळ बोटाने दाखवता येईल असं टोकदार दुखणं, रात्री झोपमोड करणारं, एकाच बाजूचं, ते चालणार नाही. सरांना दोन्हींचा फरक सांग, नम्रपणे सांग, पण ऐकून घेऊ नकोस. तीन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा हात वर नेताना ताकदच लागेना, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव.

आणखी एक. मित्रांमध्ये पैज लावून एका दमात पाचशे बैठका मारणं वगैरे प्रकार करू नकोस. सवय नसताना असं केलं तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला माल रक्तात येतो आणि मूत्रपिंडावर जातो. लघवी कोलासारखी काळपट झाली, मांड्या टणक होऊन सुजल्या, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठ.

आता प्रोटीनच्या डब्याचं. तो डबा विष नाही, दुधाच्या निवळीतलं प्रथिन आहे, एका मापात साधारण २४ ग्रॅम. पण तुला त्याची गरज आहे का ते आधी मोजू. मेहनतीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. त्याहून जास्त खाऊन स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत. तुझ्यासाठी वरचा आकडा धरला तरी ९६ ग्रॅम. तीन अंडी, १८ ग्रॅम. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, १६. मेसवाल्या मावशींना सांगून मोड आलेल्या मटकीची एक मोठी वाटी उसळ, कोरडी मटकी ५० ग्रॅम धरली तर साधारण १२. घट्ट वरण, ९. चार पोळ्या, १३ च्या आसपास. मूठभर शेंगदाणे, ७. झाले ७५. वर ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून भाजीत टाकल्या की २० ग्रॅम आणखी. तू रोज अंडी आणि सोया खाल्लंस तर तीन हजार वाचतात. त्यातून चांगले बूट घे, गोल्फ क्लबवर तुझे गुडघे दुवा देतील. मिसळीच्या गाडीवर गेलास तरी हरकत नाही, मटकी जास्त मागून घे आणि तर्री कमी. डबा घ्यायचाच ठरवलास तर त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी परवाना क्रमांक बघ आणि पक्कं बिल घे.

रात्रपाळीच्या आठवड्यात जड व्यायाम दोनच दिवस. स्नायू जिममध्ये वाढत नाही, झोपेत वाढतो. दिवसा खिडकीला जाड चादर लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि सलग सात तास मिळव.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, इंदिरानगरला राहते. गुडघे दुखतात म्हणून एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले झीज थोडीच आहे, मांडीचे स्नायू गेलेत. देवापुढे खाली बसले की उठताना हात टेकावा लागतो. शाकाहारी आहे, अंडंही नाही. सोमवार आणि चतुर्थी करते. वजन ६४. या वयात स्नायू वाढतात का हो?

उत्तर : वाढतात, ताई. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या मंडळींकडून आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी अडीच पटीच्या पुढे गेली. तुम्ही त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहात.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून उठायचं, आणि बसताना धपकन नाही, सावकाश, तीन आकडे मोजत. खुर्ची चार बोटं खाली उरली की अंग सोडून द्यावंसं वाटेल, तिथेच मांडीचं खरं काम असतं. सुरुवातीला आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ. आठवड्यातून तीन दिवस. बारा सहज व्हायला लागले की तांदळाची दोन किलोची पिशवी छातीशी धरा. मग पाच किलोची. दूध तापत असताना ओट्याला धरून टाचा उचला. श्वास रोखू नका, उठताना सोडा, म्हणजे बीपी फार चढत नाही. गुडघा व्यायामात थोडा कुरकुरला आणि दुसऱ्या दिवशी शांत झाला तर चालू ठेवा. सूज आली तर खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवा. चालणं सोडू नका, पण सोमेश्वरच्या देवळापर्यंत चालून आलात तरी खुर्चीचं काम ते करत नाही.

खाण्यात तुमची अडचण उपवासाची आहे असं मला वाटत नाही, रोजच्या सकाळची आहे. चहा आणि दोन बिस्किटांवर तुम्ही दुपारचा एक वाजवत असाल. तुम्हाला दिवसाला ६५ ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत आणि ती तिन्ही वेळेला वाटून हवीत. सकाळी मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही. दुपारी उसळ रोज. रात्री पनीर किंवा वरण, पळीने पडेल असं घट्ट. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात दाण्याचं कूट तेवढं कामाचं. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, शेंगदाण्याची आमटी करा. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, तुम्ही खात असाल तर जरूर खा, हाडांना उत्तम, कॅल्शियम भरपूर. फक्त प्रथिनांसाठी तिच्यावर विसंबू नका, ती शंभरात सात ग्रॅमच देते. ब-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, नाशिकरोडला शाळेत. वजनं उचलली तर उंची खुंटते म्हणतात. जिमला पाठवू का?

उत्तर : नीट शिकवणारं माणूस समोर उभं असेल तर उंची खुंटत नाही. इजा होते ती नजर नसताना, मित्रांशी चढाओढ करून जड वजन उचलल्याने. या वयात मी मल्लखांबाला पाठवीन. स्वतःच्या अंगाचं वजन पेलायला शिकतो, पकड आणि पोट घट्ट होतं. मल्लखांब ज्यांनी पुन्हा उभा केला ते बाळंभटदादा देवधर आपल्याच निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे, त्यालाही सांगा, मुलांना आवडतं. पावडर काहीही नको.

प्रश्न : ताकदीसाठी जिममधली मुलं क्रिएटिनची पावडर घेतात, त्याने किडनी जाते का?

उत्तर : मूत्रपिंडं निरोगी असतील तर रोज ३ ते ५ ग्रॅमने जात नाहीत. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा आकडा, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम तपासतात, तो मात्र थोडा वर दिसू शकतो, म्हणून तपासणीला जाताना आपण ते घेतो हे डॉक्टरांना आधी सांगा. मधुमेह, बीपी किंवा मुतखड्याचा इतिहास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.