घर शाकारायला, म्हणजे छपराची कौलं नीट करून घ्यायला, माणूस बघताय?

कोकणात नवीन असाल तर मार्चमध्येच ठरवा, मे महिन्यात गडी मिळत नाही. अंगणातूनच आकडा सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. माळ्यावर चढून वाशा-रिपांत, म्हणजे कौलांखालच्या लाकडांत, खिळा टोचून बघतो, तो खरा. वाळवीने पोखरलेल्या रिपेवर नवी मंगलोरी कौलं चढवून उपयोग काय? आमची गळती कोन्यापाशीच, म्हणजे छपराचे दोन उतार मिळतात तिथल्या कौलांपाशी. तीन वर्षं नुसतं सिमेंट थापून घेतलं, मूर्खपणा माझाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन पट्ट्यातली छपरं उडवली, तेव्हापासून पागोळीकडच्या ओळी तारेने बांधून घेतो. पन्नासेक कौलं जादा ठेवा, दुसऱ्या कारखान्याची खाचेत बसत नाहीत. थोडे पैसे राखून ठेवा, पहिल्या मोठ्या सरीनंतर द्या.