आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या पूर्वजाचे नेमके गाव प्रवासाआधी कसे शोधावे?

आपल्या पतीचे पणजोबा जेरेमाया सलिव्हन १८८० च्या सुमारास काउंटी कॉर्कमधून निघून मोंटाना राज्यातील ब्यूट या खाणींच्या शहरात स्थायिक झाले, पुढच्या उन्हाळ्यात आपण उभयता आयर्लंडला जाणार आहात आणि हाती ‘कॉर्क’ एवढाच धागा आहे, असे आपण लिहिले आहे. भूमी अभिलेख खात्यात माझी चौतीस वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर जावयाच्या घराण्याचे मूळ गाव शोधण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. ते घराणेही कॉर्कच्या पश्चिम टोकाचेच निघाले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आयर्लंडच्या कागदांना इतक्यात हात लावू नये, हे माझे पहिले सांगणे. कॉर्कमध्ये पाच हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. टाउनलँड हा तेथील जमिनीचा सर्वांत लहान घटक. आपल्या महसुली गावासारखा, पण पुष्कळदा एखाद्या वाडीएवढाच. त्या भागात सलिव्हन हे आडनाव आपल्याकडच्या जाधव-शिंद्यांइतके पसरलेले आहे. टाउनलँड किंवा निदान पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर) ठाऊक नसताना तेथील वह्या उघडल्या, तर जेरेमाया सलिव्हन डझनाने सापडतील आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवायला काहीच आधार उरणार नाही. टाउनलँडचे किंवा पॅरिशचे नाव मिळाले तर बहुधा अमेरिकेतल्याच एखाद्या कागदावर मिळते.

नागरिकत्वाच्या अर्जाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. १९०६ पूर्वीच्या अर्जांत बहुतेक वेळा जन्मस्थान म्हणून ‘आयर्लंड’ एवढेच असते आणि व्हिक्टोरिया राणीवरील निष्ठा सोडल्याचे वचन असते. त्यापेक्षा मृत्यूचा दाखला, चर्चमधील लग्नाची नोंद, वृत्तपत्रातील निधनवार्ता आणि थडग्यावरचा दगड पाहावा. दाखल्यात आईचे माहेरचे आडनाव मिळाले, तर ते सोन्याच्या मोलाचे समजा. शिवाय शोध पणजोबांपुरता ठेवू नका. त्यांची भावंडे, लग्नातले साक्षीदार, शेजारी या सर्वांचे कागद काढा. जावयाच्या घराण्यात मूळ पुरुषाच्या एकाही कागदावर गाव नव्हते. ते सापडले त्यांच्या अविवाहित बहिणीच्या चार ओळींच्या निधनवार्तेत.

आपल्या बाबतीत एक दिशा मात्र आधीच दिसते. कॉर्कच्या नैऋत्येला बेआरा द्वीपकल्पात अ‍ॅलिहीज येथे १८१२ पासून तांब्याच्या खाणी चालत होत्या. १८८० च्या दशकात त्या बंद पडल्या आणि तेथील खाणकामगार मोठ्या संख्येने ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत गेले. सलिव्हन आडनाव, काळ आणि ब्यूट हे तिन्ही जुळतात, तेव्हा शोध बेआरापासून सुरू करावा. परंतु हा तर्क आहे, पुरावा नव्हे. बेआरात सलिव्हन इतके आहेत, की शाखा ओळखण्यासाठी त्यांना उपनावे पडली आणि काही शाखा तर पुढे हॅरिंग्टन म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. म्हणून सासरच्या वडीलधाऱ्यांना घराण्याचे काही टोपणनाव ऐकिवात आहे का, हे आवर्जून विचारा.

पॅरिश कळली की आयर्लंडकडे वळावे. तेथे काय नाही, हे आधी ठाऊक असलेले बरे. जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक पत्रके त्यात गेली. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणनांची पत्रके तर सरकारनेच नष्ट केली होती. संपूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या, आणि त्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पणजोबा तेव्हा अमेरिकेत असले तरी मागे राहिलेले आईवडील किंवा भाऊ तेथे सापडू शकतात.

सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. पणजोबांचा जन्म त्याआधीचा असेल, तर त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक पॅरिशच्या वहीत पाहावा लागेल. या वह्यांची छायाचित्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. मात्र त्यांची धाकटी भावंडे १८६४ नंतर जन्मलेली असतील, तर त्यांच्या सरकारी नोंदीत टाउनलँडचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव दोन्ही मिळते, आणि थोरल्याचे गाव धाकट्याच्या दाखल्यावरून कळते. मला ही वाट फार उशिरा सुचली.

नावांच्या रूपांकडे नीट लक्ष द्या. पॅरिशच्या वहीत लॅटिनमध्ये ‘जेरेमियास’ असेल, तोच माणूस दुसऱ्या कागदावर ‘डार्बी’ असू शकतो, कारण दोन्ही रूपे मूळच्या ‘डिअर्मुइड’ या आयरिश नावाची आहेत. ‘ओ’सलिव्हन’ आणि ‘सलिव्हन’ हा भेद तर मनातून काढूनच टाका. वयाचेही तसेच: १९०९ पासून सत्तरीच्या वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागल्याने दहा वर्षांत पंधरा-सोळा वर्षांनी वाढलेली माणसे १९११ च्या जनगणनेत पुष्कळ आहेत.

नाव आणि वय जुळले म्हणून हुरळून जाऊ नका, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. दोन महिने मी भलत्याच माणसाची वंशावळ रचत बसलो होतो. आईचे माहेरचे आडनाव जुळेना, तेव्हा सगळे मोडून पुन्हा सुरुवात केली. मोठमोठ्यांचेही असे होते. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात पहिले पाऊल ठेवणारी कॉर्कची अ‍ॅनी मूर पुढे टेक्सासला गेली, असे कित्येक वर्षे सांगितले जाई. २००६ मध्ये उघड झाले, की टेक्सासची अ‍ॅनी मूर अमेरिकेतच जन्मलेली होती आणि खरी अ‍ॅनी आयुष्यभर न्यूयॉर्कमध्येच राहिली.

आता माझ्या आवडीचा भाग. १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या ग्रिफिथ मूल्यांकनाचे, म्हणजे कर बसवण्यासाठी केलेल्या आयर्लंडभरच्या जमिनी-घरांच्या आकारणीचे, पान पाहिले आणि मला आपले खातेउतारे आठवले. एका रकान्यात कसणारा, दुसऱ्यात ज्याच्याकडून जमीन घेतली तो, मग घर की शेत, क्षेत्र आणि आकारणी. डावीकडचा क्रमांक नकाशावर दाखवलेला असतो, त्यापुढे बारीक अक्षर असेल तर ते एकेका घराचे. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असतील, तर नावापुढे कंसात बापाचे नाव किंवा उपनाव दिलेले असते. त्यानंतरच्या फेरतपासणीच्या वह्या म्हणजे हुबेहूब आपली फेरफार नोंदवही: जुने नाव खोडून नवे वर लिहिलेले आणि दरवेळची शाई वेगळ्या रंगाची. कोणत्या रंगाची शाई कोणत्या वर्षाची हे लावता आले, की बाप कधी वारला आणि जमीन कोणत्या मुलाकडे गेली, याचा अंदाज बांधता येतो. पुढे एखाद्या ठिकाणी जमीन खरेदीचा शिक्का दिसतो. आपल्याकडे कुळकायद्याने कुळे मालक झाली, तसे तेथे १९०३ च्या विंडहॅम कायद्याने आणि त्याच्या मागेपुढे झालेल्या कायद्यांनी घडले. कॉर्कच्या या वह्या डब्लिनला जपलेल्या आहेत, म्हणून प्रवासाचा पहिला दिवस डब्लिनसाठी राखून ठेवा.

गावी जाण्यापूर्वी पॅरिशच्या धर्मगुरूंना महिना-दीड महिना आधी पत्र लिहा आणि सोबत चार ओळींची वंशावळ जोडा. जाडजूड फाईल कोणी वाचत नाही. स्मशानभूमीत दगड सापडेलच असे नाही, कारण गरीब कुळांना दगड परवडत नसे. नकाशावरचा क्रमांक मात्र छापून बरोबर ठेवा. आम्ही तो दाखवला, तेव्हा शेताच्या मालकाने फाटक उघडून आम्हाला गोठ्यामागे नेले. तेथे कमरेएवढ्या दोन भिंती उभ्या होत्या आणि चुलीच्या जागी नेटल हे खाजरे झुडूप वाढले होते. अंगाला लागले की खाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उंच बूट घालून जा.