साडेसात लाखांचा ट्रेलर आणि दहावीचं वर्ष

मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय ४६, घरी पत्नी आणि दोन मुली. थोरली नववीत, धाकटी पाचवीत. २०१९ची डिझेल एसयूव्ही आहे. पुण्याजवळ एक जुना कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं छोटं घर, साडेसात लाखांना मिळतोय. मे महिन्यात तो गाडीमागे जोडून कोकण, गोकर्ण, मडिकेरी, उटी असा २४ दिवसांचा पहिला मोठा प्रवास करायचा बेत आहे. हाताशी ६ लाखांची एफडी आहे. थोरलीच्या इंजिनिअरिंगसाठी इक्विटी फंडात ४ लाख २० हजार आहेत, आणि बँक ८ लाखांचं वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे. घरखर्च, गृहकर्जाच्या हप्त्यासह, महिना ७८,००० रुपये. विकणारा रविवारपर्यंत २५,००० टोकन मागतोय. ‘घेऊ का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

यंदा घेऊ नका. पण प्रवास रद्द करू नका. आता कारणं सांगतो.

साडेसात लाख ही ट्रेलरची किंमत झाली, खर्च नव्हे. गाडीला टो हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी), ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनांचं वायरिंग आणि ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालणारे असतील तर त्यांचा कंट्रोलर, यासाठी ६०,००० धरा. जुन्या ट्रेलरचे टायर, बेअरिंग, ब्रेक शू आणि बॅटरी पहिल्याच वर्षी बदलावी लागेल असं गृहीत धरून ५५,००० बाजूला ठेवा. नावावर करणं, पहिला विमा आणि किरकोळ दुरुस्त्या यांचे ३०,०००. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख ९५ हजार झाले. पाच वर्षांनी तो साडेतीन लाखांना विकला गेला असं मानू. घट झाली ५ लाख ४५ हजार, वर्षाला १ लाख ९ हजार. सरासरी सव्वासहा लाख अडकून राहणार, त्यावर ७ टक्क्यांनी बुडालेलं व्याज साधारण ४३,५००.

आता तो ठेवणार कुठे? मुंबईकराने ट्रेलरचा विचार इथूनच सुरू करायला हवा. तुम्ही पाठवलेल्या मापांप्रमाणे पुढच्या जोडायच्या दांडीसकट लांबी साडेपाच मीटर, रुंदी २.२ मीटर आणि उंची २.६ मीटर आहे. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, तुळईखाली, हे जाणार नाही. उघड्या जागेत लावलात तर शेजाऱ्याच्या गाडीची वाट अडेल आणि पुढच्याच सर्वसाधारण सभेत तुमचा विषय निघेल. रस्त्यावर महिनोन्‌महिने उभा ठेवणं तर नकोच. भिवंडी किंवा पनवेलच्या बाजूला कुंपण आणि राखणदार असलेल्या जागेत महिना ३,५०० धरले तरी वर्षाचे ४२,००० झाले. देखभाल २५,००० आणि विमा १२,००० मिळवले की वर्षाचा एकूण आकडा सुमारे २ लाख ३१ हजार ५०० होतो. डिझेल यात नाही.

तुम्ही भाड्याच्या कॅराव्हॅनचा (हिला स्वतःचं इंजिन असतं, ओढावी लागत नाही) दिवसाला ९,५०० रुपयांचा दर कळवला आहे. भागाकार केला की उत्तर येतं २४.४. म्हणजे दरवर्षी, सलग पाच वर्षं, किमान २५ रात्री ट्रेलरमध्ये झोपलात तरच विकत घेणं भाड्याच्या बरोबरीला येतं. चौघांची ५,००० रुपयांची हॉटेलची खोली समोर ठेवली तर हाच आकडा ४७ रात्रींवर जातो.

पहिल्या वर्षी तुमच्या २३ रात्री होतील, म्हणजे जवळपास बरोबरी. म्हणूनच सौदा आकर्षक वाटतो आहे. पण दुसरं वर्ष उघडून पाहा. जूनमध्ये थोरली दहावीत जाईल. दिवाळीत सराव परीक्षा, डिसेंबरात प्रिलिम, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. त्या वर्षी सहा रात्री झाल्या तरी खूप. अकरावीत क्लास लागले की नऊ, बारावीच्या वर्षी पाच, आणि नंतर ती सुटली की पंधरा. पाच वर्षांच्या एकूण रात्री झाल्या ५८. पाच वर्षांचा खर्च ११ लाख ५८ हजार. एका रात्रीला जवळपास २०,००० रुपये! रात्रींचे माझे आकडे कडक वाटत असतील तर तुमचे टाका, पण पत्नीच्या ऑफिसच्या रजा आणि दोन्ही मुलींची शाळेची कॅलेंडरं शेजारी ठेवून टाका. ट्रेलर घेण्याची याहून वाईट चार वर्षं तुमच्या घरात येणार नाहीत, आणि धाकटी तोवर आठवी-नववीत पोहोचलेली असेल.

पैसा कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न. सहा महिन्यांचा घरखर्च ४ लाख ६८ हजार होतो, तेवढी एफडी आणीबाणीची आहे; तिला हात लावू नका. म्हणजे खरे मोकळे पैसे १ लाख ३२ हजार. थोरलीचा फंड विकला तर कर फारसा लागणार नाही. तुमचा दीर्घ मुदतीचा नफा १ लाख ४० हजार आहे, त्यातले सव्वा लाख करमुक्त, उरलेल्या १५,००० वर साडेबारा टक्के आणि सेस धरून १,९५० रुपये. कर किरकोळ आहे म्हणून तो पैसा मोकळा आहे असं मात्र समजू नका. चार वर्षांनी प्रवेशाच्या वेळी तो लागणारच आहे. आणि कर्ज? ८ लाखांवर हप्ता १७,७९६, पाच वर्षांत व्याज सुमारे २ लाख ६८ हजार. किंमत दरवर्षी घटणाऱ्या वस्तूसाठी १२ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढू नका, हे मी ठामपणे सांगतो.

आता गाडीकडे येऊ, कारण तिथे चूक झाली तर वरचं सगळं गणित एका अपघातात कोलमडेल. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता किलोत दिली आहे का ते आधी पाहा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत हा आकडाच नसतो. नसेल तर कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. गॅरेजवाल्याचा ‘आरामात ओढेल’ हा शब्द विमा कंपनीपुढे चालत नाही. ट्रेलर रिकामा १,१५० किलो आणि कमाल १,५०० किलो आहे, म्हणजे सामानाला ३५० किलो उरतात. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, जादा बॅटरी पंचवीसेक किलो, मग गॅस, गाद्या, खुर्च्या, छत्री, किराणा. हे ३५० किलो वाटतात त्यापेक्षा फार लवकर भरतात. पूर्ण भरून वजनकाट्यावर घ्यायचा, अंदाजावर नाही.

हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरची दांडी ज्या गोळ्यावर टेकते त्यावर, पडणारा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे इथे ७५ ते १०५ किलो असावा; हिच आणि गाडीची मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळायची. जड सामान चाकांच्या जवळ आणि तळाशी, फरशीलगत ठेवायचं. पाण्याचे कॅन मागच्या टोकाला ठेवले की पुढचा भार हलका होतो आणि ऐंशीच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तसं झालं तर करकचून ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा.

म्हणूनच तुमचा मार्गही मला पहिल्या प्रवासाला पटत नाही. कोकणातले घाट, मग मडिकेरीचा चढ, मग उटी. उतरताना मागून दीड टन ढकलत असतो, आणि सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून पकड सुटते. उटीहून मसिनगुडीकडे उतरणाऱ्या कल्हट्टीच्या ३६ वळणांवर तर ट्रेलर घेऊन जाऊच नये. शिवाय मे महिना. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे ६०० वॅट-तास. त्यावर दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप चालेल, एसी नाही. एसीसाठी रोज १६ अँपिअरचा पॉइंट शोधावा लागेल, आणि शेतघरांतल्या जुन्या वायरिंगवर तो मिळेलच असं नाही.

त्याऐवजी येत्या दिवाळीच्या सुट्टीत, थोरली नववीत असतानाच, कच्छला जा, भाड्याच्या कॅराव्हॅनने, नऊ रात्रींसाठी. घोडबंदर रोड पहाटे साडेपाचच्या आत पार करा, पुढे सुरत, वडोदरा, अहमदाबाद, विरमगाम, भचाऊ, भुज. जवळपास सगळा सपाट रस्ता आहे. रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही. चार दिवसांत पोहोचाल आणि मुलीही कंटाळणार नाहीत. भाडं ८५,५००. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर धरले आणि कॅराव्हॅन लिटरला नऊ देते असं मानलं तर २२२ लिटर डिझेल, साधारण २०,०००. मुक्कामाच्या जागा, टोल आणि जेवणाचे २०,०००. एकूण सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे तुमच्या मोकळ्या पैशांत बसतं आणि एफडीचा आणीबाणीचा भाग शाबूत राहतो. मुक्कामाच्या जागेला फोन कराल तेव्हा ‘पार्किंग आहे का’ एवढंच विचारू नका. फाटक किती रुंद (तीन मीटर हवं), वर झाडाची फांदी किंवा वायर किती उंचीवर, आत वळवायला जागा आहे का आणि १६ अँपिअरचा सॉकेट चालू आहे का, हे चार प्रश्न विचारा. सोबत २५ मीटरची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल न्या आणि वापरताना ती पूर्ण उलगडा. गुंडाळीवर ठेवूनच एसी चालवला की ती आतून तापून वितळते.

या नऊ रात्रींत चौघांना इतक्या छोट्या जागेत राहणं जमतं का, सांडपाण्याची टाकी रिकामी करणं कोणाच्या गळ्यात पडतं, तिसऱ्या दिवशी कोणाला हॉटेल आठवतं, हे कळेल. जे कळणार नाही ते म्हणजे ट्रेलर रिव्हर्स घेणं. ते मोकळ्या मैदानात शिकावं लागतं, दोन-तीन सकाळी तरी. या विक्रेत्याचाच ट्रेलर सरावासाठी भाड्याने मागू नका. खासगी नोंदणीचं वाहन भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि काही झालं तर विमा हात वर करेल.

ट्रेलरची इच्छा खरी असेल, आणि पत्रावरून ती खरी वाटते, तर जो हप्ता तुम्ही बँकेला भरायला तयार होतात तेच १७,८०० रुपये पुढच्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळालं तर तीन वर्षांत सुमारे ७ लाख होतील. तोवर थोरली बारावी ओलांडण्याच्या बेतात असेल. तेव्हा घ्याल तो ट्रेलर कर्जाविना घ्याल. मधल्या काळात मुलीच्या प्रवेशाला जास्त पैसे लागले तर हीच ठेव कामाला येईल. विकत घेतलेला ट्रेलर त्या आठवड्यात विकला जाईलच असं नाही.

तेव्हा कुठलाही जुना ट्रेलर पाहायला जाल तर आधी आत शिरून कोपरे अंगठ्याने दाबा. खिडक्यांखाली, छताच्या कडेला, पलंगाखाली. भिंत दबली, फुगलेली वाटली किंवा कुबट वास आला तर परत या. आपल्या पावसात सांध्यातून झिरपलेलं पाणी आतली प्लायवूड कुजवतं, आणि ती दुरुस्ती म्हणजे भिंत उघडणं. बाकी कुठल्याही बिघाडापेक्षा महाग. टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदला. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, ते उन्हाने तडकतात. चाक जॅकवर उचलून फिरवा. खरखर आली किंवा चाक डुगडुगलं तर बेअरिंग गेलं. आरसीवर वाहनाचा वर्ग खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर असाच हवा, चासी नंबर प्रत्यक्ष ठोकलेल्या नंबराशी जुळायला हवा, आणि कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी हातात, मग नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. कोणीतरी घरच्या घरी वेल्डिंग करून बनवलेला, नोंदणी नसलेला ट्रेलर फुकट मिळाला तरी नको.

पुढे स्वतःचा ट्रेलर घेऊन निघाल तेव्हा पहिल्या दिवशी ऐंशी किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळायचे, कारण नवीन बसवलेलं चाक तेवढ्यात थोडं सैल होतं. प्रत्येक थांब्यावर दोन्ही चाकांच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात नेऊन पाहायचं. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर पुढे जायचं नाही. सेफ्टी चेन दांडीखाली फुलीसारख्या आडव्या, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) गाडीच्या चासीला, बॉलला नाही. चालताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि आत कोणीही बसायचं नाही, धाकटी कितीही हट्ट करो. गॅससाठी घरचा १४.२ किलोचा सिलिंडर उचलून नेऊ नका, ५ किलोचा छोटू घ्या. ट्रेलर ओढताना तुमची गाडी लिटरला १३ऐवजी साडेआठ-नऊ देईल. २,६०० किलोमीटरच्या प्रवासाला शंभरेक लिटर जास्त, म्हणजे नऊ हजार रुपये. हे बजेटमध्ये आधीच लिहा. आणि रोडसाइड असिस्टन्सवाल्यांना विचारून ठेवा की बंद पडलेली गाडी उचलताना ट्रेलर ते नेतील का. नेत नसतील तर क्रेनसाठी वेगळे ४०,००० खात्यात हवेत.

राहिलं टोकन. विक्रेत्याला फोन करून यंदा घेत नाही म्हणून स्पष्ट सांगा. ‘बघतो’ म्हणून टांगून ठेवू नका, त्यालाही दुसरं गिऱ्हाईक पाहायचं असेल. तो किंमत साडेसहावर आणेल. वरच्या हिशेबात साडेसहा घातले आणि पाच वर्षांनी तेच साडेतीन लाख मिळाले, तरी ५८ रात्रींना एक रात्र जवळपास १८,००० रुपयांना पडते. तेव्हा तोही फोन ठेवा आणि दिवाळीच्या कॅराव्हॅनचं बुकिंग करा. मात्र करारात विमा, रोजच्या किलोमीटरची मर्यादा आणि अनामत रक्कम परत देण्याची मुदत लिहून घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका.