शेड तारण ठेवण्याआधी

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगा सोलापुरातच मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असून त्याचा सीजीपीए ७.४ आहे. सात रस्त्याजवळच्या एका सल्लागाराने इंग्लंडमध्ये मॅनेजमेंटच्या एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळवून दिला आहे. एकूण खर्च ३५ लाख रुपये सांगितला असून महिनाअखेर डिपॉझिट भरायचे आहे. शेड तारण ठेवून कर्ज काढावे का? – एक पालक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. त्यात शेड आहे, डिपॉझिट आहे, सल्लागार आहे. मुलाला काय शिकायचे आहे, हे मात्र कुठेच नाही. तरीही आपण विचारले आहे कर्जाविषयी, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

एमआयडीसीचा भूखंड मालकीचा नसतो, भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे तो तारण देण्यासाठी महामंडळाची संमती लागते. शिवाय सूत खरेदीसाठी आपण बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचे कर्ज, घेतले असेल, तर हीच शेड बहुधा त्या बँकेकडे आधीच अडकलेली असेल. हे कागद प्रथम तपासावेत. दुसरे म्हणजे, ३५ लाखांचे कर्ज साडेदहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे झाल्यास महिन्याला सुमारे ४७ हजारांचा हप्ता येतो. शिक्षणाच्या आणि नोकरी शोधण्याच्या काळातले व्याज मुदलात मिळवले गेले, तर तोच हप्ता पन्नास हजारांच्या वर जातो. मुलगा तिकडे नोकरीला लागला, तर हा हप्ता तो फेडेल. परत आला, तर तो कारखान्याच्या गल्ल्यातून जाईल, आणि सुताचा भाव चढलेल्या महिन्यात तो गल्ला किती भरलेला असतो, हे मी आपल्याला सांगायला नको.

मुलगा परत येण्याची शक्यता गृहीत धरणे म्हणजे अपशकुन नव्हे. इंग्लंडमध्ये शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधर व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तो दीड वर्षाचा होणार आहे. त्या मुदतीत, कामाचा अनुभव नसताना, केवळ मॅनेजमेंटच्या पदवीवर व्हिसा प्रायोजित करणारी कंपनी गाठणे अवघड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सल्लागार हे सांगणार नाही. तो आपल्याकडून फी घेत नसेल, तर प्रवेशामागे त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळत असते. त्यात गैर काही नाही, पण त्याच्या यादीत तीच विद्यापीठे का असतात, ते त्यावरून कळते.

आता ज्या वाटेचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ज्या घरात पहाटेपासून मागांचा खडखडाट ऐकू येतो, तिथल्या मेकॅनिकलच्या मुलाला जर्मनी परकी नाही. टेरी टॉवेल विणणारे माग बनवणारी डॉर्नियर कंपनी तिथल्या लिंडाऊची, आणि आखन व ड्रेस्डेन येथील तांत्रिक विद्यापीठांत वस्त्रतंत्रज्ञानाच्या स्वतंत्र संस्था आहेत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही शुल्क सुरू केले आहे. काही खास अभ्यासक्रमही सशुल्क असतात, म्हणून प्रत्येकाची अट वेगळी वाचावी.

खरा खर्च राहण्याखाण्याचा. व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात; युरो शंभर रुपयांना धरला, तर साधारण बारा लाख. ही रक्कम कोणाच्या खिशात जात नाही, मुलालाच महिन्याला ९९२ युरो अशी परत मिळते. त्याचे ७.४ जर्मन पद्धतीने मोजले, तर उत्तीर्णतेची किमान पातळी ४ धरून २.३ येतात. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते, म्हणजे त्याला अर्ज करण्यास वाव आहे. त्याआधी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, घ्यावे लागते आणि त्यात बराच वेळ जातो. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी कारखान्यात नोकरी हवी असेल तर जर्मन भाषा चांगली यावीच लागते. तिची तयारी सोलापुरात बसूनही आजपासून सुरू करता येईल. शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी शोधण्यासाठी दीड वर्ष मिळते.

तरीही जर्मनीच निवडा, असे मी म्हणत नाही. मुलाला खरोखर मॅनेजमेंटच शिकायचे असेल, तर दोन वर्षे पुण्यात नोकरी करून मग जाणे अधिक फायद्याचे ठरेल. त्याला कारखान्यातच यायचे असेल, तर हिशेब पुन्हा वेगळा.

म्हणून या महिन्यात डिपॉझिट भरू नये, आणि भरायचेच ठरले तर व्हिसा नाकारला गेल्यास पैसे किती व कधी परत मिळतील, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. मुलाला त्याच्या हाताने एक पान लिहायला सांगा : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कोणता केला, कोणता विषय आवडला, शेडमधला कोणता माग त्याने स्वतः उघडून पाहिला आहे. ते पान मला पाठवा. पुढचे उत्तर मी त्याच्याच नावे लिहीन.