पोलीस ठाण्यात नव्यानं आलेल्या पोरीला

भीती वाटते म्हणालीस, बरं केलंस. बावीस वर्षं झाली, रात्री कोल्हापुरात रंकाळा तलावावर गस्त घालताना माझ्याही पोटात अजून गोळा येतो. पण ठाण्याच्या पायरीवर चप्पल काढू की नको म्हणून घुटमळणाऱ्या म्हातारीची भीती आपल्याहून मोठी असते गं. तिला आधी खुर्ची दे, पाणी दे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात आपण वॉरंटशिवाय अटक करू शकतो तो, हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवावाच लागतो, एफआयआरची प्रत फुकट मिळते, हे तिला ठाऊक नसतं. तू सांग. विश्वास तिथंच बसतो, नाहीतर उडतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. स्वतःच्या घरात पाणी शिरलेली माणसं बंदोबस्तावर आम्हाला भाकरी आणून देत होती. एका आजीनं तर भाकरीवरचा खर्डा कागदात वेगळा बांधला होता, भिजू नये म्हणून.